बसल्या जागेचे दुखणे

आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव बाहेरच्यांना माहीत असते ते बहुधा रेल्वे स्थानकामुळे. 1995 सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाचा शेवट इथल्या फलाटावर चित्रित झाला, आणि पनवेल–रोहा मार्गावरच्या या लहानशा स्थानकावर लोक आजही फोटो काढायला उतरतात. इथे राहणाऱ्यांचा दिवस मात्र वेगळ्याच गोष्टींनी बांधलेला आहे. एका अंगाला रसायनी आणि पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र, दुसऱ्या अंगाला कर्नाळ्याच्या पायथ्याने जाणारा मुंबई–गोवा महामार्ग, त्यापलीकडे न्हावाशेवा बंदर. या तिन्हींच्या मधल्या पट्ट्यात काम करणारी माणसे दिवसाचे किती तास बसून काढतात, याची मोजदाद कोणी करत नाही. बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलरचालक, कारखान्याच्या फाटकावर बारा तासांची पाळी करणारा सुरक्षारक्षक, पनवेलहून हार्बरने मुंबई गाठून तिथे पुन्हा संगणकापुढे बसणारी मुलगी, दिवसभर दुचाकीवरून पार्सल पोचवणारा तरुण, शिलाई मशीनवरून न उठणारी बाई. या सगळ्यांचा भार शरीराच्या एकाच भागावर येतो, आणि त्या भागाबद्दल बोलायचे नाही असे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो.

ही पुस्तिका त्या भागाबद्दल, नेमके सांगायचे तर तिथून जाणाऱ्या नसांबद्दल आहे. ओटीपोटाच्या खालच्या हाडांच्या पेटीला वैद्यकात श्रोणी म्हणतात. त्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या नसा सततच्या बसण्याने, आणि कधी कधी चुकीच्या किंवा अतिरेकी व्यायामाने दाबल्या जातात, ताणल्या जातात, घासल्या जातात. मग जे दुखणे सुरू होते ते वर्षानुवर्षे मूळव्याध, लघवीचा संसर्ग, प्रोस्टेटची सूज, ‘अंगावरून जाण्याचा त्रास’ किंवा मनाचा खेळ म्हणून हाताळले जाते. माझे या प्रस्तावनेतले सगळे सांगणे एका गोष्टीभोवती आहे. हे दुखणे यंत्राच्या चित्रात बहुधा दिसत नाही, ते रुग्णाच्या सांगण्यात दिसते. म्हणून रुग्णाला ते सांगता आले पाहिजे आणि ऐकणाऱ्याला ते विचारता आले पाहिजे.

या भागातल्या मुख्य नसेचे नाव प्युडेंडल नर्व्ह. कण्याच्या तळाशी जे त्रिकोणी हाड असते, त्रिकास्थी, तिथल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून ती तयार होते. उजवीकडे एक, डावीकडे एक. तिची वाट सरळ नाही. आधी ती श्रोणीतून मागच्या बाजूने बाहेर पडते, नितंबाच्या पिरिफॉर्मिस या स्नायूच्या खालून. तिथे तिला आसनास्थीच्या, म्हणजे बैठकीच्या हाडाच्या, काट्याला वळसा घालावा लागतो, आणि नेमक्या याच जागी ती दोन चिवट अस्थिबंधांच्या मधल्या फटीतून सरकते. वळसा घेऊन ती परत आत शिरते आणि पुढचा प्रवास एका बोगद्यातून करते. हा बोगदा आयरिश शरीररचनातज्ज्ञ बेंजामिन अल्कॉक याने 1836 मध्ये वर्णन केला, म्हणून तो आजही अल्कॉकचा बोगदा म्हणून ओळखला जातो. बोगद्यातून ती तीन फांद्यांत विभागते: एक गुदद्वाराकडे, एक शिवणीकडे, म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या भागाकडे, एक पुरुषाच्या शिश्नाकडे किंवा स्त्रीच्या योनिलिंगाकडे. तिथल्या कातडीची जाणीव तिच्याकडे, लघवी आणि शौच रोखून धरणाऱ्या बाहेरच्या स्नायूंचे काम तिच्याकडे, आणि लैंगिक संवेदनाही तिच्याकडे.

एवढे काम करणारी नस दोन ठिकाणी अरुंद जागेतून जाते, हे एकदा ध्यानात आले की पुढचे बरेचसे आपोआप कळते. आपण नीट बसलो की भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो. नस त्यांच्या आतल्या बाजूला, सुरक्षित असते. पण आसन मऊ आणि खोलगट असेल तर हाडे आत रुततात आणि भार मधल्या मऊ भागावर येतो. ट्रकच्या जुन्या सीटचा मधला भाग खचलेला असतो, स्कूटरची सीट पुढे निमुळती असते, घरच्या सोफ्यात माणूस माकडहाडावर घसरून बसतो. या तिन्ही ठिकाणी दाब नको तिथे पडतो. त्यात रस्त्याचे हादरे मिळवा. कोकणातल्या महामार्गाची कामे किती वर्षे रखडली हे इथे सांगायला नको. त्या रस्त्यावर रोज आठ-दहा तास काढणाऱ्याच्या शरीराने ते सोसलेले असते.

आमच्या पट्ट्यातल्या माणसांचे बसणे गेल्या साठ वर्षांत बदलले. रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाली 1960 मध्ये. त्याआधी इथला माणूस भाताचा होता. आवणी वाकून, निंदणी उकिडवे बसून, जेवण मांडी घालून, दुपारचा विसावा ओटीवर भिंतीला टेकून. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या कामाने गुडघे आणि कंबर मोडलेल्या बायका मी पाहिलेल्या आहेत. पण जमिनीवर बसणारा माणूस एका अंगावर फार वेळ राहू शकत नाही. तो मांडी बदलतो, पाय लांब करतो, उठतो. खुर्चीने आणि केबिनने ही हालचाल काढून घेतली.

बसण्यातून रोग होतो हे कोणाला आजच कळले असे नाही. चरकसंहितेत अर्शाची, म्हणजे मूळव्याधीची, कारणे सांगताना उकिडवे बसणे, वेडेवाकडे आणि कठीण आसन, झटके देणारे वाहन आणि उंटावरचा प्रवास यांचा उल्लेख आहे. सुश्रुताने मर्मे सांगितली त्यात पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, नितंबाच्या भागात कुकुंदर नावाचे मर्म आहे. तिथे इजा झाली तर स्पर्श कळेनासा होतो आणि खालच्या अंगाची हालचाल बिघडते, असे तो म्हणतो. आजच्या नसांच्या नकाशाशी ही मर्मे तंतोतंत जुळतात असा दावा मी करणार नाही. पण या जागेला झालेली इजा बधिरपणा आणते, हे निरीक्षण जुने आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने 1700 मध्ये कामगारांच्या रोगांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात पाय दुमडून बसणाऱ्या शिंप्यांच्या मांड्यांना येणारा बधिरपणा आणि सायटिका यांची नोंद आहे. बसून काम करणाऱ्यांनी निदान सुटीच्या दिवशी शरीर हलवावे, असा त्याचा सल्ला होता.

आता व्यायामाकडे येतो, कारण इथे गैरसमज जास्त आहेत.

सायकल हे सगळ्यांत स्पष्ट उदाहरण. मुंबई–पुणे सायकल शर्यत महाराष्ट्राला अनेक दशके माहीत आहे. पनवेल, खोपोली आणि बोरघाट हा तिचा मार्ग. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत सायकल शर्यतपटूंपुरती राहिली नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. अशा बातम्यांनी मराठी घरांत चांगलीच उमेद आणली. आज रविवारी पहाटे पनवेल ते पेण किंवा खोपोलीच्या रस्त्यावर पाहा, चाळिशी-पन्नाशीतले डॉक्टर, अभियंते, शिक्षक शंभर-दोनशे किलोमीटरच्या फेऱ्यांना निघालेले दिसतात. मला याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच पुढचे सांगणे त्यांच्यापर्यंत पोचावे असे वाटते.

सायकलचे आसन पुढे चोचीसारखे निमुळते असते. स्वार पुढे वाकला की भार बैठकीच्या हाडांवरून सुटतो आणि शिवणीवर येतो, नेमका नस आणि रक्तवाहिन्या जिथे पृष्ठभागाजवळ असतात तिथे. फ्रान्समध्ये जेरार आमारेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये सायकलस्वारांच्या या दुखण्यावर लिहिले. पुढे नॉर्वेतल्या 540 किलोमीटरच्या हौशी शर्यतीत भाग घेतलेल्यांची पाहणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 160 पुरुषांपैकी 35 जणांना, म्हणजे शंभरात बावीस जणांना, या नसांच्या क्षेत्रात बधिरपणा किंवा तत्सम तक्रारी होत्या. 21 जणांनी लैंगिक ताठरता गेल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी 11 जणांचा त्रास आठवड्याहून अधिक टिकला. बहुतेकांचा त्रास आपोआप ओसरला, ही दिलासा देणारी बाजू. पण आकडा लहान नाही.

त्याहून उपयोगाचा अभ्यास अमेरिकेतला, सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांवरचा. तिथल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 90 पोलिसांना सहा महिने बिनचोचीचे आसन वापरायला दिले. 2008 मध्ये निष्कर्ष आले: शिवणीवरचा दाब 66 टक्क्यांनी घटला, आणि गुप्तांगाला बधिरपणा येत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण 27 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. फक्त आसन बदलले. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे, कारण दुखण्याचे मूळ आणि उपाय दोन्ही त्यात एकाच ठिकाणी दिसतात. बिनचोचीचे आसन प्रत्येकाला जमेल असे नाही. पण हाडांच्या रुंदीला साजेसे आसन, मध्ये खाच असलेली बैठक, चोच किंचित खाली, हँडल थोडे उंच, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहणे एवढे प्रत्येकाला जमते. चालवताना बधिरपणा आला तर तो सवयीचा भाग मानू नये. बधिरपणा म्हणजे नस काम थांबवत आहे. तिथेच उतरावे.

दुसरा व्यायाम बैठकांचा. आमच्याकडे प्रत्येक गावात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आहेत. भरतीच्या मैदानी चाचणीत धावणे असते, गोळाफेक असते. तयारीत मात्र जोर, बैठका, खांद्यावर वजन घेऊन स्क्वॉट, लेग प्रेस असे सगळे येते, बहुधा फोनवरच्या चित्रफिती पाहून आणि एका महिन्यात निकाल हवा म्हणून. नितंबाचे खोल स्नायू एकदम आणि एकाच दिशेने ताणले-आवळले गेले, की त्यांच्यातून किंवा त्यांच्या खालून जाणाऱ्या नसांना जागा कमी पडते. पिरिफॉर्मिस आखडला तर सायटिक नस दाबली जाऊन कळ पायात उतरते. ऑब्ट्युरेटर इंटर्नस हा स्नायू अल्कॉकच्या बोगद्याची भिंतच आहे. तो आखडला तर प्युडेंडल नस चिडते. वाढत्या वयात खेळाचा फार ताण पडला तर आसनास्थीचा काटा लांबत जाऊन नसेची वाट अरुंद होत असावी, असा एक तर्क अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ स्टॅन्ली अँटोलाक यांनी 2002 मध्ये मांडला. तो सिद्ध झालेला नाही. पण दहावी-बारावीतल्या मुलांना जड वजनाखाली खोल बैठका मारायला लावणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

तिसरा व्यायाम बाहेरून दिसतच नाही. श्रोणीच्या तळाशी स्नायूंचा एक पडदा झोळीसारखा टांगलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांचा भार तो पेलतो. बाळंतपणानंतर तो सैल पडलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये आवळण्या-सोडण्याचा व्यायाम सुचवला, आणि तो योग्य जागी फार उपयोगी आहे. आता तो फोनवरून सगळ्यांनाच सांगितला जातो, पुरुषांना ‘ताकदीसाठी’ म्हणून विशेष. पण ज्यांचा हा पडदा आधीच आखडलेला आहे, आणि बसून दुखणाऱ्यांपैकी पुष्कळांचा तो तसाच असतो, त्यांना आवळण्याचा व्यायाम दुखणे वाढवतो. त्यांना शिकवायचे असते ते सोडणे: श्वास पोटात घेणे, त्याबरोबर तो पडदा खाली जाऊ देणे, शौचाला बसून न कुंथणे. हे तपासल्याशिवाय कळत नाही. कोणी केगल सुचवले तर आधी ‘माझा स्नायू सैल आहे की आखडलेला?’ हे विचारा.

योगासनांबद्दल लिहिताना माझा हात जरा थबकतो, कारण घाट चढून गेले की लोणावळ्यात कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी ते 1924 मध्ये स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसनांना प्रयोगशाळेत आणले. योगाचे शरीरावरचे परिणाम मोजून पाहावेत, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वृत्तीने सांगतो. सिद्धासनात टाच शिवणीवर दाबून बसतात. काही मिनिटांसाठी, योग्य शिक्षकाच्या देखरेखीखाली ते निराळे. मांडीला मुंग्या येत असतानाही निग्रहाने तासभर तसे बसणे निराळे. न्यूयॉर्कच्या जोसेफ चुसिड यांनी 1971 मध्ये गुडघे मोडून दीर्घकाळ बसणाऱ्या साधकाचे पाऊल लुळे पडल्याची नोंद केली होती; तिथे दाब गुडघ्याच्या बाहेरच्या नसेवर होता. जागा वेगळी, नियम तोच. मुंग्या आल्या की आसन सोडायचे. सहनशक्तीची परीक्षा नसेवर घेऊ नये.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक मोठे कारण आहे, बाळंतपण. बाळाचे डोके बाहेर येताना ही नस ताणली जाते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील स्नूक्स, स्वॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रसूतीनंतर श्रोणीच्या स्नायूंच्या नसांना झालेली इजा मोजून दाखवली. बहुतेक बायकांची नस काही महिन्यांत सावरते. पण प्रसूती लांबलेली, बाळ मोठे, चिमटा लावलेला, आणि महिनाभरात बाई पुन्हा मशीनवर किंवा वीटभट्टीवर बसलेली, अशा बाईची नस सावरायला वेळच मिळत नाही. तिच्या दुखण्याला नाव मिळत नाही, कारण ती सांगत नाही. ‘अवघड जागेचं दुखणं अन् जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यातल्या रोग्याचे पुढे काय झाले असेल याचा विचार आपण केलेला नाही.

रोग ओळखायचा कसा? फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉक्टरांच्या गटाने 2008 मध्ये पाच निकष प्रसिद्ध केले आणि ते आज जगभर वापरले जातात. दुखणे या नसेच्या क्षेत्रात हवे, म्हणजे गुदद्वारापासून जननेंद्रियापर्यंत. ते बसल्याने वाढायला हवे. रात्री झोपेतून त्याने उठवता कामा नये. तपासणीत कातडीची जाणीव स्पष्टपणे गेलेली नसावी. आणि नसेभोवती बधिर करणारे इंजेक्शन दिल्यावर ते तात्पुरते थांबायला हवे. पाचवा निकष सोडला तर चारही निकष खुर्ची, खाट आणि दोन माणसांचे बोलणे एवढ्यावर तपासता येतात. रुग्ण आणखी एक खूण सांगतात आणि ती फार बोलकी आहे: साध्या खुर्चीवर बसवत नाही, पण कमोडवर बसले की बरे वाटते. कारण कमोडवर भार मांड्या आणि हाडांवर राहतो, मधला भाग मोकळा असतो. ही एक खूण कोणी विचारत नाही आणि लाजेने कोणी सांगत नाही.

इथे दोन इशारे दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बसून दुखते म्हणजे प्युडेंडल नसच, असे नाही. स्नायूंचा आखडलेपणा त्याहून बराच अधिक आढळतो. मागच्या खिशातले जाडे पाकीट सायटिक नस चेपते, घट्ट पट्टा मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस दाबून तिथे आग आणि बधिरपणा आणतो, आणि मूळव्याध किंवा भगंदर खरोखर असू शकते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, रक्त, वजन घटणे असेल तर दुसरी कारणे आधी शोधायला हवीत. दुसरा इशारा तातडीचा. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायांतली ताकद गेली, तर कण्याच्या तळाच्या नसांचा गठ्ठा दाबला गेलेला असू शकतो. ते दुखणे काही तासांत शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याचे आहे. सकाळची वाट पाहू नये.

उपचारांची चर्चा पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, म्हणून इथे थोडक्यात. पहिला उपचार दाब काढणे. बसायचेच असेल तर मध्ये आणि मागे मोकळी जागा असलेली उशी, दोन्ही हाडांना आधार देणारी, दर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहणे, बद्धकोष्ठता घालवणे, दुखणे ज्या व्यायामाने वाढते तो काही आठवडे बंद, आणि चालणे मात्र चालू. फिजिओथेरपीत आखडलेले स्नायू सोडवले जातात. नसांच्या वेदनेवर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधे डॉक्टर विचारपूर्वक देतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला महाग पडतात. संसर्गाचा पुरावा नसताना वारंवार दिलेली अँटिबायोटिक तर नुसते नुकसान करतात. त्यापुढे नसेभोवतीची इंजेक्शने. शस्त्रक्रिया शेवटी, आणि निवडक रुग्णांतच. नांतच्याच रॉजर रोबेर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 32 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली; वर्षभरानंतर नस मोकळी केलेल्यांपैकी 71.4 टक्के सुधारले होते, शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी 13.3 टक्के. चाचणी लहान होती, पण नस खरोखर अडकते आणि सोडवल्यावर माणसाला आराम पडू शकतो, हे तिने दाखवले.

नसांच्या बाबतीत वेळेचा हिशेब वेगळा असतो. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये नसांच्या इजांची प्रतवारी केली. सर्वांत सौम्य इजेत नस तुटत नाही, फक्त संदेश थांबतो. दाब गेला की दिवसांत किंवा आठवड्यांत ती पूर्ववत होते. तंतू तुटले तर नवे तंतू साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने वाढतात. म्हणजे बधिरपणाच्या पहिल्या आठवड्यात सायकलचे आसन बदलणारा आणि तीन वर्षे मूळव्याधीची मलमे लावत राहणारा, यांच्या वाट्याला येणारे भवितव्य सारखे नसते. उशीर हाच या दुखण्यातला सर्वांत मोठा खर्च आहे. रजा जातात, गाडी चालवता येत नाही म्हणून रोजगार जातो, नवरा-बायकोत कारण न सांगता अंतर पडते.

यासाठी फार लांब जावे लागते असेही नाही. आपट्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचा फिजिओथेरपी विभाग आहे, आणि पुढची तपासणी लागलीच तर मुंबईची केईएम, जे. जे. ही मोठी सार्वजनिक रुग्णालये रेल्वेच्या अंतरावर आहेत. यंत्रणा आहे. कमी आहे ती पहिल्या पायरीवरची विचारपूस. आशाताई घरोघरी बाळंतिणीची चौकशी करतात. त्यांच्या प्रश्नांत ‘बसताना खाली दुखतं का? आग होते का?’ हे दोन प्रश्न मिळवले तर किती बायका लवकर सापडतील. कारखान्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चालकांची वार्षिक तपासणी करताना डोळे आणि रक्तदाबाबरोबर सीटची अवस्था विचारावी. वाहतूक कंपन्यांनी खचलेली सीट ही टायरइतकीच निकडीने बदलायची गोष्ट मानावी. आणि बंदराच्या रांगेत तासन्‌तास थांबलेल्या चालकाला उतरून पाय मोकळे करता येतील अशी जागा आणि सवलत मिळावी. यांतली एकही मागणी खर्चिक नाही.

ही पुस्तिका डॉक्टरांसाठी लिहिलेली नाही, तरी त्यांनीही ती वाचावी अशी माझी विनंती आहे. ज्याला किंवा जिला हे दुखणे आहे त्यांनी ती आधी एकट्याने वाचली तरी चालेल. चित्रे पाहा, आपले दुखणे नेमके कुठे आहे तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि ते पान घेऊन दवाखान्यात जा. तोंडाने सांगणे अवघड वाटत असेल तर पान पुढे करा. पण पहिल्याच भेटीत, पहिल्याच मिनिटात, एवढे तरी सांगा: बसलं की वाढतं, उभं राहिलं की कमी होतं, आणि हे कधीपासून आहे.

आपटा, ता. पनवेल, जि. रायगड